देठ ठेवून आंबा का काढायचा? आणि फळांच्या प्रोटीनबद्दल तुमचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात मी जाता जाता एवढंच लिहिलं होतं की फळ बुरशीपुढं अगदीच लाचार नसतं, त्याच्या सालीत, चिकात, बियांत बुरशीला रोखणारी प्रोटीन्स असतात आणि ती झाड स्वतःच तयार करतं. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आणि मेसेज आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सगळे प्रश्न घेता आले नाहीत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न : ताई, नमस्कार. पावसजवळ आमची हापूसची ऐंशी कलमं आहेत. वडील आयुष्यभर आंबा झेल्यानं देठासकट काढत आले, देठ मोडला की ओरडा बसायचा. आता गडी मिळत नाहीत आणि मिळतात ते भराभर ओढून काढतात. गेल्या वर्षी अढीत पाचव्या सहाव्या दिवशी काळे डाग आणि देठाकडून कूज असं बरंच झालं. माझा मुलगा म्हणतो हा करपा आहे, फवारणी कमी पडली, देठाचा काय संबंध. नक्की काय समजायचं?

उत्तर : दादा, काळे डाग करप्याचेच, ते मुलगा बरोबर ओळखतोय, पण देठाचा संबंध आहे आणि चांगला जवळचा आहे. तुमच्या वडिलांनी कारण सांगितलं नसेल कदाचित, पण सवय शंभर टक्के बरोबर होती.

आधी करपा कसा येतो ते बघा. अढीत डाग दिसला म्हणजे बुरशी अढीत लागली असं नसतं. मोहोर आणि लहान कैरी असताना दव पडतं, एखादा अवकाळी पाऊस होतो, तेव्हाच तिचे बीजाणू सालीवर बसतात, रुजतात, सालीला घट्ट चिकटणारी एक बारीक गाठ तयार करतात आणि मग तिथंच गप्प बसून राहतात, आठवडेच्या आठवडे. कैरी हिरवी असेपर्यंत त्यांना पुढं सरकता येत नाही, कारण कच्च्या सालीत रेसॉर्सिनॉल नावाची बुरशीला विषारी द्रव्यं भरपूर असतात, टॅनिन असतं, आणि चिकात कायटिनेज नावाचं प्रोटीन असतं. बुरशीच्या पेशीभोवती जी भिंत असते तिच्यात कायटिन असतं, कोळंबी सोलताना जी कडक साल हाताला लागते ना, त्यातलं तेच कायटिन. कायटिनेज ते कापतं, भिंतीला भोकं पडतात आणि बुरशीचा धागा फुटतो. आंबा पिकायला लागला की ही द्रव्यं उतरत जातात, साल मऊ होते, आणि इतके दिवस दबा धरून बसलेली बुरशी उठते. म्हणून डाग पाचव्या दिवशी.

आता देठ. आंब्याचा चीक सालीतल्या आणि देठातल्या बारीक नळ्यांत दाबाखाली भरलेला असतो, देठ बुडातून मोडला की पहिल्या काही सेकंदांत तो चिळकांडी उडावी तसा बाहेर येतो हे तुम्ही रोज बघता. तो चीक काचेच्या बाटलीत धरून ठेवा, थोड्या वेळानं दोन थर दिसतील, वर तेलकट आणि खाली पाणचट. तेलकट थरात रेसॉर्सिनॉल आणि पाणचट थरात कायटिनेज. म्हणजे देठ मोडून तुम्ही फळाचं औषध जमिनीवर सांडता, वर जे सालीवर ओघळतं ते साल जाळतं ते वेगळंच. श्रीलंकेत पेरादेणिया विद्यापीठातल्या लोकांनी यावर बरीच वर्षं काम केलंय, आणि ज्या आंब्यांत काढणीच्या वेळी चीक आतच राहू दिला त्यांच्यात करपा आणि देठकूज दोन्ही कमी आली असं त्यांना दिसलं. आपल्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा नूतन झेला देठासकट आंबा काढण्यासाठीच आहे, गड्यांना तो द्या आणि पहिल्या दिवशी अर्धा तास स्वतः उभं राहून शिकवा, तो अर्धा तास वसूल होतो.

फवारणी सोडा असं मी अजिबात म्हणत नाहीये. मोहोराची फवारणी चुकली तर चीक एकटा काय करणार. पण फवारणी चांगली झाली आणि काढणी वाईट झाली तरी नुकसान होतंच. चौदा आणे तयार झालेला आंबा काढा, दुपारच्या उन्हात फळ बागेत पडू देऊ नका, आणि गरम पाण्याची सोय होत असेल तर साधारण ५२ अंशाला ५ ते १० मिनिटं बुडवण्याची पद्धत करप्यावर चालते, फक्त थर्मामीटर लावून करा, अंदाजानं हात घालून नको, साल भाजते. आणि एक, तुमच्या पत्रात खाली साक्याचा उल्लेख आहे, साका हा बुरशीचा रोगच नाही, तो फळाच्या आतला बिघाड आहे, त्याला यातलं काहीच लागू पडत नाही.

प्रश्न : मॅडम, निफाड तालुक्यात साडेतीन एकर थॉमसन द्राक्ष आहे, माल एक्स्पोर्टला जातो. यंदा एक दुकानदार मागे लागलाय की प्रोटीनवालं बुरशीनाशक आलंय, परदेशात चालतं, रेसिड्यूचं, म्हणजे मालावर औषधाचा अंश उरण्याचं, टेन्शन नाही, भुरी डावणी करपा सगळ्यावर एकच. असं काही खरंच असतं का, का नुसतं टॉनिक विकतायत?

उत्तर : असतं. पण "सगळ्यावर एकच" हे ऐकलं की तिथंच थांबायचं.

परदेशात जे खरंच रजिस्टर झालेलं प्रोटीन आहे त्याची गोष्ट मला फार आवडते म्हणून सविस्तर सांगते. पोर्तुगालमध्ये पांढरा गोडा ल्युपिन नावाचं कडधान्य पिकतं, बी चपटं, आपल्या वालासारखं म्हणा, तिकडं ते मिठाच्या पाण्यात मुरवून बिअरबरोबर खातात. आपण कडव्या वालांना मोड आणतो तसे या बियांना मोड आणले तर साधारण चौथ्या दिवसापासून बाराव्या दिवसापर्यंत त्यांच्या डाळिंब्यांमध्ये एक वेगळंच प्रोटीन साठायला लागतं. बियात अन्न म्हणून साठवलेलं मोठं प्रोटीन असतं, ते रोपाला खायला घालण्यासाठी तोडलं जातं, आणि तोडताना एक तुकडा मात्र तसाच राखून ठेवला जातो. लिस्बनच्या कृषी संस्थेतल्या शास्त्रज्ञांना प्रोटीन्स वेगळी करायच्या जेलवर त्याची ठळक पट्टी दिसली, म्हणून नाव पडलं ब्लाड, पोर्तुगीजमध्ये "गोड्या पांढऱ्या ल्युपिनची पट्टी" या शब्दांची आद्याक्षरं. हा तुकडा कायटिनला चिकटतो, बुरशीची भिंत आणि आतलं पातळ आवरण दोन्ही बिघडवतो. मला यात विशेष वाटतं ते हे की कोवळं रोप जमिनीत, ओलाव्यात, चारी बाजूंनी बुरशी असताना उघडं पडतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत शिदोरीतलाच एक भाग हत्यार बनतो.

अमेरिकेत त्याला २०१३ साली परवानगी मिळाली आणि रेसिड्यूच्या मर्यादेतून सूट मिळाली, युरोपियन युनियननं २०२१ साली कमी जोखमीचं म्हणून मंजूर केलं. द्राक्ष, स्ट्रॉबेरी, टोमॅटो अशा पिकांवर भुरी आणि राखाडी बुरशीसाठी ते वापरतात. बुरशीवर एकाच जागी नाही तर अनेक जागी मारा करत असल्यामुळं तिला सवय होण्याचा धोका कमी. म्हणजे वस्तू खरी आहे.

आता तुमच्या कामाचं. एक म्हणजे हे स्पर्शजन्य आहे, आंतरप्रवाही नाही. जिथं थेंब पोचला तिथंच काम, नवीन फुटलेल्या पानाला संरक्षण नाही. भुरीवर हे चालण्याचं कारणही तेच, भुरीची बुरशी जवळजवळ सगळी मण्याच्या बाहेर, सालीवर पसरलेली असते, आत फक्त अन्न ओढायला खुंट्या घालते, त्यामुळं ती हाताशी सापडते. दुसरं, डावणी. दादा, डावणीचा जीव खऱ्या अर्थानं बुरशी नाहीच, तो समुद्रातल्या तपकिरी शेवाळाच्या नात्यातला आहे आणि त्याच्या भिंतीत मुख्यतः सेल्युलोज आणि ग्लुकन असतं, कायटिन नसल्यातच जमा. जे प्रोटीन कायटिन पकडून काम करतं ते तिथं पकडणार काय? म्हणून जो माणूस एकाच बाटलीवर भुरी आणि डावणी दोन्ही सांगतो त्याला एवढंच विचारा की लेबलवर डावणी छापलंय का. लेबल म्हणजे केंद्रीय कीटकनाशक मंडळाचा नोंदणी नंबर असलेलं, चकचकीत पत्रक नव्हे. आणि तुम्ही एक्स्पोर्टवाले, तुम्हाला मांजरीच्या द्राक्ष संशोधन केंद्राचं अॅनेक्श्चर ५, म्हणजे द्राक्षावर चालणाऱ्या औषधांची यादी, तोंडपाठ असेल, त्यात नाव नसेल तर घेऊ नका, कितीही नैसर्गिक असू दे. नैसर्गिक म्हणून विकलेल्या बाटलीत दुसरंच काहीतरी मिसळलेलं निघालं तर कंटेनर तुमचा अडकतो, दुकानदाराचा नाही.

अजून एक सांगते, यात पैसा जात नाही. मणी स्वतःसुद्धा वयाप्रमाणं भुरीला दाद देईनासा होतो, सेटिंगनंतर, म्हणजे मणी धरल्यावर, तीन चार आठवड्यांत मण्याला नव्यानं भुरी लागणं खूप कठीण होतं, घडाचा दांडा मात्र नंतरही नाजूकच राहतो. त्यामुळं फुलोऱ्यापासून ते पहिले तीन चार आठवडे हाच खरा काळ, तेव्हा कव्हरेज नीट घ्या, कॅनॉपी, म्हणजे वेलीचा पाला, मोकळी ठेवा, घडापर्यंत हवा आणि फवारा दोन्ही गेले पाहिजेत.

प्रश्न : व्हिडिओत बघितलं की मुळ्याच्या बियांत बुरशी मारणारं प्रोटीन असतं, मग बिया भिजवून मिक्सरमधून काढून डाळिंबावर फवारलं तर? सांगोल्याकडं बरेच जण करतायत.

उत्तर : मुळ्याच्या बियांचं खरं आहे. त्यातल्या प्रोटीनला डिफेन्सिन म्हणतात, जेमतेम ५० अमिनो आम्लांचं, पण चार ठिकाणी आतून टाचलेलं, त्यामुळं ते सहजासहजी उलगडत नाही. बी रुजताना टरफल फाटलं की ते बाहेर झिरपतं आणि ओल्या मातीत बियाभोवती एक कडं तयार होतं, त्या कड्यात बुरशी वाढत नाही, बेल्जियममधल्या शास्त्रज्ञांनी १९९५ साली हे छान दाखवून दिलं होतं. पण कडं किती मोठं? बियाभोवती काही मिलिमीटरचं. तुम्ही मूठभर बिया दोनशे लिटर पाण्यात घातल्या की काय उरणार, आणि मिक्सरमधून काढलेल्या पाण्यात त्या प्रोटीनपेक्षा तेल आणि इतर प्रोटीन कितीतरी पटीनं जास्त, म्हणजे बाकीच्या जंतूंना फळावर जेवण वाढल्यासारखं झालं. त्यात डाळिंबवाल्यांचं मोठं दुखणं तेल्या, आणि तो बुरशीचा नाही, जिवाणूचा रोग आहे, त्याच्यासाठी बुरशीवरचं औषध शोधण्यात अर्थ नाही. करू नका. खर्च कमी वाटतो पण हंगाम हातचा जाईल आणि मला त्याचं खूप वाईट वाटेल.

प्रश्न : दिंडोरीजवळ एका वायनरीत काम करते. पांढऱ्या वाईनमध्ये गरमीत ढगाळपणा येतो, आमचे सर म्हणाले ते द्राक्षाच्या रोगप्रतिकारक प्रोटीनमुळं. खरं?

उत्तर : अगदी खरं. मण्यात पाणी उतरायला लागलं, साखर चढायला लागली की त्याबरोबर कायटिनेज आणि थॉमॅटिनसारखी प्रोटीन्स साठत जातात, पिकलेल्या मण्यातल्या विरघळणाऱ्या प्रोटीनमध्ये मोठा वाटा यांचाच. ती आम्लाला आणि पचवणाऱ्या एन्झाइमला दाद देत नाहीत, फर्मेंटेशनमधून सहीसलामत निघतात, आणि पुढं बाटली तापली की उलगडून एकमेकांना चिकटतात, तोच तुमचा ढग. बेंटोनाइट माती घालून ती खाली बसवतात ती याचसाठी. रेड वाईनमध्ये टॅनिनच त्यांना आधी खाली ओढतं. थॉमॅटिन हे नाव पश्चिम आफ्रिकेतल्या एका फळावरून आलंय, तिथलं मूळ प्रोटीन वजनाला वजन साखरेच्या दोन हजार पट तरी गोड, द्राक्षातला भाऊबंद मात्र अजिबात गोड नाही.

प्रश्न : महाबळेश्वरहून येताना स्ट्रॉबेरीचे दोन बॉक्स आणले, घरी आल्याबरोबर धुऊन फ्रिजमध्ये ठेवले, दोन दिवसांत तीन चार फळांवर राखाडी लव आली. बाकीची खायची का टाकायची? मुलगी बायोटेकला आहे, ती विचारतेय की फळात असं प्रोटीन असतं तर स्ट्रॉबेरीला का वाचवत नाही आणि जीन घालून ते वाढवता येणार नाही का.

उत्तर : लव आलेली आणि त्यांना चिकटलेली मऊ फळं टाका, बाकीची घट्ट, कोरडी असतील ती आजच्या आज संपवा किंवा जॅम करा. पुढच्या वेळी धुऊन ठेवू नका ताई, कोरडी ठेवा, एका थरात, खाली पेपर, आणि खायच्या आधी धुवा. सालीवर पाणी राहिलं की राखाडी बुरशीला दुसरं काही लागत नाही. ही बुरशीसुद्धा आंब्यातल्या करप्यासारखीच, बऱ्याचदा फुलातूनच आत येऊन बसलेली असते, फळ पिकलं की उठते, त्यामुळं तुम्ही फार काही चुकलात असं नाही.

मुलीच्या प्रश्नाला थोडं जास्त लिहिते कारण प्रश्न छान आहे. जॅम ज्याच्यामुळं घट्ट होतो ते पेक्टिन, पेशी पेशींना जोडून ठेवणारा डिंकच तो. राखाडी बुरशी पेक्टिन कापणारं एन्झाइम सोडते, म्हणून फळ आधी पाणचट होतं आणि मग लव दिसते. झाडांकडं या एन्झाइमच्या तोंडात बोळा कोंबणारं प्रोटीन असतं, १९७१ साली घेवडा, टोमॅटो अशा झाडांत ते पहिल्यांदा सापडलं, पुढं पेअर, स्ट्रॉबेरी, रासबेरी सगळ्यांत. पण कच्च्या फळात ते पुरतं आणि पिकताना पुरत नाही. फळ पिकताना स्वतःच आपलं पेक्टिन सैल करतं, साखर वाढते, साल पातळ होते. पक्ष्यानं, माणसानं खावं, बी लांब जावं, यासाठीच ते पिकतं, महिनाभर टिकावं यासाठी नाही.

जीन घालून बघितलंय. कॅलिफोर्नियात पेअरचं हे प्रोटीन टोमॅटोत आणलं, २००० साली निकाल आले, राखाडी बुरशीची कूज हळू झाली पण थांबली नाही. एकटं कायटिनेज घातलं तरी साधारण तोच अनुभव, कायटिनेज आणि ग्लुकन कापणारं ग्लुकनेज जोडीनं असले की बरं चालतं, कारण भिंतीत कायटिन आणि ग्लुकन दोन्ही गुंफलेले असतात, एकानं एकच धागा कापून भिंत पडत नाही. झाड तरी कुठं एकावर विसंबतं? १९७० साली तंबाखूच्या पानात रोग लागल्यावर उगवणारी अशी प्रोटीन्स हॉलंड आणि फ्रान्समध्ये पहिल्यांदा दिसली, आज त्यांची सतराहून कमी नसलेली कुळं मोजली जातात, आणि झाड संकट आलं की त्यातली कितीतरी एकदम काढतं. मुलीला सांगा, यात करण्यासारखं काम पुष्कळ शिल्लक आहे, तिनं यावं.

प्रश्न : मॅडम, मी पुण्यात सिस्टर आहे, सोळा वर्षं झाली. रबरी ग्लोव्हजनं हाताला खाज, पुरळ येतं ते माहीत आहे, पण वर्षभरात केळं खाल्लं की ओठ चुरचुरतात, एकदा अॅव्होकॅडोनं जीभ सुजल्यासारखी झाली. तुम्ही लिहिलं होतं केळ्यात पण बुरशीविरोधी प्रोटीन असतं. दोन्हीचा संबंध आहे का?

उत्तर : सिस्टर, असू शकतो, आणि तुमचं पत्र मी मुद्दाम शेवटी ठेवलं कारण यात उशीर नको. रबराच्या झाडाच्या चिकात हेवीन नावाचं छोटं प्रोटीन असतं, झाडाला जखम झाली की बुरशी आत जाऊ नये म्हणून. केळं, अॅव्होकॅडो, चेस्टनट यांच्यातल्या एका प्रकारच्या कायटिनेजला पुढच्या टोकाला जवळजवळ तसाच तुकडा जोडलेला असतो, कायटिन पकडायचा हात म्हणा. ग्लोव्हजमुळं शरीरानं रबरातल्या हेवीनशी वैर धरलं असेल तर केळ्यातला तो हात त्याला तोच वाटतो. लेटेक्सची अॅलर्जी असलेल्यांपैकी ३० ते ५० टक्के लोकांना कुठल्या ना कुठल्या फळाचा असा त्रास दिसतो. किवी आणि पपईकडंही लक्ष ठेवा. ही कायटिनेजं शिजवल्यावर बऱ्यापैकी मोडतात, पण म्हणून घरी केळ्याची भाजी करून प्रयोग करू नका. पीचच्या सालीतलं वेगळं एक प्रोटीन तर उकळूनही मोडत नाही, त्यामुळं "शिजवलं की चालतं" हा नियम नाही. आणि वर ज्या ल्युपिनचं कौतुक केलं, त्याची अॅलर्जी शेंगदाण्याची अॅलर्जी असलेल्या काहींना होते, युरोपात २००६ पासून ते अॅलर्जीच्या यादीत आहे.

अॅलर्जीच्या डॉक्टरकडं या आठवड्यात जा, लेटेक्सची रक्ताची किंवा त्वचेची टेस्ट ते सांगतील. तोपर्यंत केळं, अॅव्होकॅडो बंद, ग्लोव्हज नायट्राइलचे मागून घ्या, लेखी मागा. घसा आवळल्यासारखा झाला, आवाज बसला, श्वासाला घरघर लागली तर ड्युटी संपायची वाट बघू नका, लगेच कॅज्युअल्टी. आणि दातांचं काम असो की कुठलंही ऑपरेशन, आधीच सांगा की लेटेक्स चालत नाही, फाइलवर लाल पेननं लिहून घ्या. टेस्टमध्ये काय आलं ते मला नक्की कळवा.